बंद फ्लॅट, गरजू कुटुंब आणि सरकारी योजना

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका, नाशिकला राहते. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके फ्लॅट आहे. यजमान रेल्वेत होते तेव्हा आम्ही तिथेच राहत होतो. नाशिकला आल्यावर तो भाड्याने दिला, पण शेवटच्या भाडेकरूने चार महिन्यांचं भाडं थकवलं आणि जाताना भांडून गेला. तेव्हापासून सहा वर्षं फ्लॅटला कुलूप आहे. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. आता जुन्या शेजारणीच्या ओळखीची एक बाई घर मागते आहे. ती खासगी रुग्णालयात आया आहे, नवरा रिक्षा चालवतो, दोन मुली आहेत. चौघं चाळीतल्या एका खोलीत राहतात, संडास सामायिक. आमच्या भागात बारा हजार भाडं चालतं, तिला नऊ परवडतील. मला द्यावंसं वाटतं. पुतण्या म्हणतो, ‘काकू, अशा लोकांना घर दिलं की परत मिळत नाही.’ मुलगा म्हणतो, विकून टाक. मुलगी आयर्लंडमध्ये आहे. ती सांगते, तिकडे बंद घरं सरकार दुरुस्त करून घेतं, गरजूंना देतं आणि मालकाला भाडं देतं. आपल्याकडे अशी योजना आहे का? असेल तर मी फ्लॅट सरकारलाच देईन. शिवाय व्हॉट्सॲपवर आलंय की बंद घरं आता सरकारजमा होणार. खरं आहे का?

– एक वाचक, नाशिक

ताई,

सरळ उत्तर आधी देते. खासगी मालकाचा बंद फ्लॅट भाड्याने घेऊन, दुरुस्त करून गरजू कुटुंबाला देणारी योजना आज आपल्याकडे नाही. राज्याची नाही आणि केंद्राचीही नाही. तेव्हा तिची वाट पाहत फ्लॅट आणखी बंद ठेवू नका. सरकारजमा होण्याची भीतीही मनातून काढून टाका. पण त्या बाईंना घर द्यावं असं तुम्हाला वाटतंय, ते करायला योजना लागतच नाही. नोंदणीकृत करार लागतो, आणि त्याआधी तुमच्या घरातला एक कागदी गुंता सोडवावा लागेल. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे असं मला पत्र वाचून वाटलं.

तुमची लेक सांगते ते खरं आहे. आयर्लंडमध्ये ‘रिपेअर अँड लीजिंग’ नावाची योजना आहे. घर किमान वर्षभर रिकामं असलं पाहिजे. दुरुस्तीसाठी मालकाला ८० हजार युरोंपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं. त्या बदल्यात घर ५ ते २५ वर्षं स्थानिक कौन्सिलकडे किंवा मान्यताप्राप्त गृहनिर्माण संस्थेकडे राहतं आणि कर्ज भाड्यातून वळतं होतं. बेल्जियममध्ये सामाजिक भाडे संस्था आहेत. त्या मालकाकडून बाजारभावापेक्षा कमी भाड्याने घर घेतात आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला राहायला देतात. कुटुंबाने भाडं थकवलं किंवा मध्ये महिनाभर घर रिकामं राहिलं, तरी मालकाचे पैसे चुकत नाहीत. या दोन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. मालकाला जी भीती वाटते ती मधली संस्था आपल्या अंगावर घेते. तुम्ही ‘सरकारलाच देईन’ लिहिलंत, त्यामागे हीच अपेक्षा आहे ना? भाडेकरूशी भांडायची वेळ आली तर ते दुसऱ्या कोणीतरी भांडावं. ही अपेक्षा रास्त आहे. आपल्या महापालिकांनी आणि म्हाडाने ही भूमिका घ्यायला हवी असं माझं ठाम मत आहे. पण आज ती कोणी घेतलेली नाही.

मग आपल्याकडे आहे काय? २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर शहरं सोडून चालत गावी निघाले. शहरात त्यांच्या हक्काची भाड्याची खोलीसुद्धा नाही, हे तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. ‘एआरएचसी’ या नावाने ती ओळखली जाते. तिचे दोन भाग होते. पहिल्या भागात सरकारी पैशांतून आधीच बांधलेली पण रिकामी पडलेली घरं २५ वर्षांसाठी खासगी किंवा सरकारी चालकाला द्यायची. त्याने ती दुरुस्त करायची, भाड्याने लावायची, सांभाळायची आणि मुदत संपल्यावर पालिकेला परत करायची. दुसऱ्या भागात कारखानदार, संस्था वगैरेंनी स्वतःच्या मोकळ्या जमिनीवर भाड्याची घरं बांधायची. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्येही भाड्याच्या घरांचा असा भाग आहे. यातली ‘रिकामी घरं’ म्हणजे सरकारी घरं. तुमचा फ्लॅट त्यात कुठेच बसत नाही.

आणि सरकारी रिकाम्या घरांचं तरी काय झालं? देशभरात अशी सुमारे ८३ हजार घरं मोजली गेली. त्यातली साडेपाच हजारांच्या आसपास भाड्यासाठी खुली झाली. चंडीगडमधली २,१९५ घरं हा त्यातला सगळ्यांत मोठा गट, बाकी बरीचशी गुजरातमधली. हे वाचून वाईट वाटतं, पण कारणं समजून घेतली तर आश्चर्य वाटत नाही. तुम्ही डोंबिवलीत होतात, तेव्हा पाथर्ली, कचोरे भागात ‘बीएसयूपी’च्या इमारती उभ्या राहताना पाहिल्या असतील. झोपडपट्टीवासीयांसाठीची ती केंद्राची जुनी योजना. लाभार्थी कोण, यादी खरी कोणती, या वादात त्यातली हजारो घरं वर्षानुवर्षं कुलपात राहिली.

पनवेलजवळच्या कोनचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. एमएमआरडीएच्या भाडे-गृहनिर्माण योजनेत तिथे १६० चौरस फुटांची घरं बांधली होती. पुढे दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांची केली आणि गिरणी कामगारांसाठी ठेवली. डिसेंबर २०१६ मध्ये २,४१७ घरांची सोडत निघाली. कामगारांना ताबा मिळायच्या आतच कोविड आला आणि तिथे विलगीकरण केंद्र झालं. घरं परत मिळाली तेव्हा त्यांची दुर्दशा झालेली होती. मग दुरुस्ती कोणी करायची आणि खर्च कोणाच्या माथी, यात आणखी काळ गेला. सोडतीत नाव लागलेले लोक म्हातारे कामगार होते किंवा त्यांचे वारस, हे विसरू नका.

मुंबईतल्या माहुलची गोष्ट वेगळी. तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी हजारो घरं तयार होती, पण शेजारी रिफायनरी आणि रासायनिक कारखाने. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. रिकामं घर आहे म्हणून कोणालाही तिथे नेऊन ठेवता येत नाही. माणसाला कामाची जागा, मुलांची शाळा आणि धड श्वास घेता येईल अशी हवा लागते.

म्हणूनच तुमच्या फ्लॅटचं मोल मला जास्त वाटतं. तो स्टेशन, शाळा, दवाखाने असलेल्या वस्तीत आहे. अशी घरं सरकारकडे फार कमी आहेत. खासगी मालकांकडे मात्र भरपूर आहेत. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी सापडली. त्यानंतरच्याच वर्षी केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरांचा तुटवडा सांगितला. त्यातली जवळजवळ दीड कोटी कुटुंबं बेघर नव्हती, दाटीवाटीने राहत होती, तुम्ही लिहिलेल्या चौघांसारखी. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने तर एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार रिकामी घरं असल्याचं नमूद केलं. सगळी रिकामी घरं गरिबांना परवडणारी नसतात, तेव्हा या आकड्यांची सरळ वजाबाकी कोणी करू नये. पण डोंबिवलीचा वन बीएचके नक्कीच त्यांच्या आवाक्याजवळचा आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. ती होतील तेव्हा होतील. तुमचं घर बांधून तयार आहे.

आता पुतण्याच्या भीतीकडे येते. ती भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९४८ च्या जमीन अधिग्रहण कायद्याखाली सरकारने मुंबईतले रिकामे फ्लॅट खरोखरच ताब्यात घेतले आणि सरकारी नोकरांना व इतरांना राहायला दिले. ते तात्पुरते असायला हवे होते, पण तीस-तीस वर्षं परत मिळाले नाहीत. ‘अधिग्रहण कायम चालू ठेवता येत नाही’ हे सर्वोच्च न्यायालयाला १९८४ मध्ये सांगावं लागलं आणि १९९४ मध्ये घटनापीठाने ते पुन्हा पक्कं केलं. मध्ये १९७३ साली भाडे कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. विश्वासाने अकरा महिन्यांसाठी घर दिलेल्या माणसांची घरं कायमची अडकली. ‘घर दिलं की गेलं’ हे वाक्य आपल्या घराघरांत तिथून आलं. तुमच्या पुतण्याने ते कोणा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं असणार, आणि सांगणाऱ्याने ते अनुभवातून सांगितलं असणार.

पण तो कायदा आता राहिलेला नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याचं २४ वं कलम तुमच्यासारख्यांसाठीच आहे. राहण्यासाठी परवान्यावर, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, दिलेलं घर मुदत संपली की परत करावंच लागतं. केलं नाही तर तुम्ही दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता विभागाच्या सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरून घर खाली करण्याचा आदेश होतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. नऊ हजारांच्या घराला महिन्याला अठरा हजार. करार लेखी असेल तर त्यातला मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात या सगळ्याला काही महिने लागू शकतात, हे मी लपवत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या घर अडकण्याचे दिवस गेले.

‘बारा वर्षं राहिला की मालक होतो’ हेही तुमच्या कानावर आलं असेल. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा विरोधी ताबा, म्हणजे मालकाचा हक्क झुगारून ठेवलेला ताबा, होत नाही. तुम्ही वेळोवेळी नवा करार करत असाल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

एक अट मात्र जिवापाड पाळा. करार नोंदवलेला हवा. कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे, पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या करून भागत नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, खोटं ठरवायची जबाबदारी तुमची. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. मागच्या भाडेकरूशी केलेला करार नोंदवलेला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे, नव्हता.

खर्चाला घाबरू नका. समजा तीन वर्षांचा करार केला, भाडं नऊ हजार, अनामत अठरा हजार. वार्षिक वाढ सोडून पूर्ण मुदतीचं भाडं ३ लाख २४ हजार, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून ५ हजार ४०० मिळवायचे. या रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे हजाराच्या आतच. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. ऑनलाइन नोंदणी होते, अंगठ्याचा ठसा आणि आधार पडताळणी घरबसल्या करून देणारे एजंट थोडे पैसे घेतात. वकील गाठायचा तर तो मसुदा वाचण्यासाठी गाठा, निव्वळ नोंदणीसाठी नको.

तीन वर्षांचा करार मी मुद्दाम सुचवते आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला भाड्यापेक्षाही जास्त मारतं ते दर अकरा महिन्यांनी घर बदलणं. नवी अनामत, दलालाला महिन्याचं भाडं, टेम्पो, मुलींची शाळा लांब पडणं. तीन वर्षं एका जागी आणि भाडं किती वाढणार हे आधी ठाऊक, एवढ्याने त्या घराचं गणित बदलून जातं. दरवर्षी पाच टक्के वाढ करारातच लिहा. एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना ठेवा. अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त मागू नका. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यातही राहत्या घराला दोन महिन्यांचीच मर्यादा सुचवली आहे. तो राज्यांनी स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण मर्यादा न्याय्य आहे. वीजबिल त्यांनी स्वतः भरायचं आणि पावती तुम्हाला पाठवायची, हेही लिहून घ्या. पुढे कधी भाडं थकलंच, तर पाणी किंवा वीज तोडण्याचा विचार मनात आणू नका. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि घरात दोन मुली आहेत.

आता तो घरातला गुंता. यजमान गेले, पण सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) अजून त्यांचंच नाव आहे का? असेल तर करारावर ‘मालक’ म्हणून तुम्ही एकट्याने सही करणं बरोबर नाही. तुम्ही नॉमिनी असाल तर सोसायटी तुम्हाला तात्पुरतं सभासदत्व देऊ शकते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हिस्सा आहे. यजमानांच्या पश्चात सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. मुलांनी तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं तर सगळ्यांत स्वच्छ. मुलगी येऊ शकत नसेल तर तिकडच्या भारतीय दूतावासातून साक्षांकित कुलमुखत्यारपत्र पाठवता येतं. मुलाला हिस्सा सोडायचा नसेल तर तेही गैर नाही. मग तिघांनी मिळून करार करा आणि भाडं कोणाच्या खात्यात जाईल ते ठरवून घ्या. हे काम भाड्याने देण्यासाठी जितकं लागतं तितकंच विकण्यासाठीही लागणार आहे. तीन वर्षं ते लांबलंय. दुःखात कागद मागे पडतात, पण आता हात घाला.

सोसायटीला आगाऊ लेखी कळवा. आदर्श उपविधींप्रमाणे परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ पासून सरकारचा तसा आदेश आहे. कोणी ‘आमच्या सोसायटीत ठरावीक लोकांनाच घर देतो’ म्हणालं तर ते लेखी मागा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं तुमच्याही हिताचं आहे, तेही ऑनलाइन होतं.

आयकराची चिंता फारशी नाही. वर्षाचं भाडं १ लाख ८ हजार, त्यातून भरलेला मालमत्ता कर आणि वर ३० टक्के सरसकट वजावट. नव्या करप्रणालीत सध्या बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. पेन्शन धरून तुम्ही त्यात बसत असाल.

आणि ताई, बंद घराचा हिशेब एकदा मांडून बघा. मागच्या माणसाने चार महिन्यांचे, आजच्या दराने फार तर ४८ हजार बुडवले. ते पुन्हा होऊ नये म्हणून सहा वर्षं कुलूप राहिलं. आजच्या बारा हजारांनी ते ८ लाख ६४ हजार होतात. शिवाय तितकी वर्षं सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर तुम्ही पदरचा भरलात. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. त्या काळात तुमच्यावर काय काय आलं असेल ते मी समजू शकते. पण नऊ हजारांत दिल्याने वर्षाला छत्तीस हजारांचं ‘नुकसान’ होतंय असं कोणी म्हणालं, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

घर आधी स्वतः उघडून बघा, सोबत प्लंबर न्या. सहा वर्षं बंद घरात नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटून गेलेलं असतं, त्यामुळे ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट आत येतात. दोन-दोन बादल्या पाणी ओतलं की वास थांबतो, झुरळांसाठी औषध मारावं लागेल. नळांचे वॉशर वाळलेले असतात, फ्लशची टाकी गळते. गीझर न तपासता चालू करू नका. बाथरूमच्या चौकटी बोटाने दाबून पाहा, वाळवी लागली असेल तर लाकूड आतून पोकळ लागतं. छताला पोपडे आणि तांबूस डाग असतील तर सळया गंजायला लागल्या आहेत, ते वरच्या मजल्याशी बोलून, सोसायटीला लेखी कळवून मार्गी लावा. वीजबिल थकलं असेल तर महावितरणने मीटर कायमचा बंद केलेला असू शकतो, मग नवी जोडणी घ्यावी लागते. आयर्लंडमधलं सरकार कर्ज देतं ते याच कामांसाठी. तुम्हाला ते मिळणार नाही, तेव्हा अंदाजपत्रक घ्या आणि आधी पाणी, वीज आणि गळती एवढंच करा. रंग नंतर झाला तरी चालेल.

सरकारजमा होण्याच्या अफवेबद्दल. घटनेच्या ३००-अ कलमाप्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. शिवाय ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने स्पष्ट केलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. तो खटला मुंबईतल्याच जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या मालकांचा होता. तो मेसेज ज्याने पाठवला त्याला हे पाठवा.

पुतण्याच्या ‘अशा लोकांना’ या शब्दांनी मला वाईट वाटलं, ते बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचं भाडं बुडवून गेलेला माणूस आया किंवा रिक्षावाला होता का? भाडं भरण्याची दानत धंद्यावरून, जातीवरून, धर्मावरून किंवा स्वयंपाकघरात काय शिजतं त्यावरून कळत नाही. रोख कमाई असणाऱ्यांना, एकट्या बायकांना, मुसलमान कुटुंबांना आपल्या शहरांत घर मिळवताना जे ऐकावं लागतं, ते थांबवणं तरी मालकांच्याच हातात आहे. चौकशी जरूर करा. आत्ताच्या चाळमालकाशी बोला, भाडं वेळेवर येतं का विचारा, रुग्णालयातल्या नोकरीचा कागद पाहा. ही चौकशी तुम्ही बँकेतल्या अधिकाऱ्याचीही केली पाहिजे. आणि ‘बिचारी आहे, कागद कशाला’ म्हणून फुकट किंवा तोंडी मुळीच देऊ नका. तसं दिलेलं घर ती हक्काने वापरू शकत नाही आणि तुम्ही हक्काने परत मागू शकत नाही. नऊ हजार तिने भरावेत, तुम्ही पावती द्यावी.

विकण्याबद्दल मुलाचं म्हणणं उडवून लावू नका. तुम्हाला उपचारांसाठी, स्वतःच्या म्हातारपणासाठी मोठी रक्कम लागणार असेल तर खुशाल विका, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण तसं काही नसेल, केवळ कटकट नको म्हणून विकायचं असेल, तर तीन वर्षं भाड्याने देऊन बघा. राहतं, हवेशीर, चालू विजेचं घर बंद घरापेक्षा चांगल्या किमतीला जातं, आणि तोपर्यंत वारसाचे कागदही पूर्ण झालेले असतील.

त्या बाईंना आज लगेच ‘हो’ सांगू नका. हक्कसोडपत्र, दुरुस्ती आणि नोंदणी धरून दोन-तीन महिने सहज लागतील, तसं स्पष्ट सांगा, म्हणजे त्या चाळीतली खोली घाईने सोडणार नाहीत. मात्र घर दाखवायला आत्ताच बोलवा. रात्रपाळी संपवून स्टेशनवरून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, मुलींची शाळा किती लांब पडते, नवऱ्याला रिक्षा लावायला जागा आहे का, हे तुम्हाला नाशिकला बसून कळणार नाही. ते बघून त्यांनाही ठरवू द्या.